एक सीट हातात, दुसरीची वाट: कॉलेज बदलण्याचा अर्ज केल्यावर पुढे नेमकं काय होतं?

जून-जुलैत नागपुरातल्या अनेक घरांमध्ये एकच प्रश्न फिरत असतो: "राउंड लागला का?" नंबर लागलेला असतो, पैसे भरलेले असतात, कागदपत्रं अपलोड झालेली असतात. तरीही घर निवांत नसतं. मिळालेल्या कॉलेजपेक्षा चांगलं कॉलेज मिळावं, यासाठी विद्यार्थ्याने 'फ्लोट' किंवा 'बेटरमेंट' निवडलेलं असतं आणि निकाल यायचा असतो.

या दिवसांत विद्यार्थी एका अर्थाने दोन कॉलेजांच्या मध्ये उभा असतो. हातातली सीट सुटणार का, वरची मिळणार का, वरची मिळाली आणि नको वाटली तर परत येता येतं का, शिकायला सुरुवात झाल्यावरही बदल होऊ शकतो का? या प्रश्नांची उत्तरं प्रवेशाच्या नियमांत असतात. पण ती वेगवेगळ्या पुस्तिकांमध्ये विखुरलेली आहेत आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ती बऱ्याचदा चुकीची पोहोचतात.

भारतात 'ट्रान्सफर' कुठे असते?

अमेरिकेत एका विद्यापीठात वर्ष-दोन वर्षं शिकून दुसऱ्या विद्यापीठात जाण्याचा अर्ज करणं ही रुळलेली पद्धत आहे. साधारणपणे मार्चपर्यंत अर्ज जातात आणि एप्रिल ते जूनदरम्यान निर्णय कळतात. कॅलिफोर्नियासारख्या राज्यात तर कम्युनिटी कॉलेजातून सरकारी विद्यापीठात जाण्याचा मार्ग मुद्दाम आखलेला आहे.

भारतात स्पर्धा परीक्षेतून प्रवेश देणाऱ्या संस्थांमध्ये असा मार्ग जवळपास नाही. एका एनआयटीतून दुसऱ्या एनआयटीत किंवा एका आयआयटीतून दुसऱ्या आयआयटीत दुसऱ्या वर्षी जाण्याची नेहमीची सोय नसते. कॉलेज बदलण्याची खरी संधी प्रवेश प्रक्रियेच्या आतच असते: पहिल्या राउंडमध्ये मिळालेली सीट धरून ठेवायची आणि पुढच्या राउंडमध्ये वरच्या सीटसाठी थांबायचं. म्हणूनच हे काही आठवडे इतके महत्त्वाचे असतात. ते संपले की बदलाची बरीच दारं बंद होतात.

फ्रीझ, स्लाइड, फ्लोट: तीन शब्दांचा अर्थ

आयआयटी, एनआयटी, ट्रिपल-आयटी आणि केंद्राच्या मदतीवर चालणाऱ्या इतर तांत्रिक संस्थांचे प्रवेश 'जोसा' म्हणजे संयुक्त सीट वाटप प्राधिकरणामार्फत होतात. ही व्यवस्था २०१५ मध्ये सुरू झाली. सीट मिळाल्यावर विद्यार्थ्याला तीनपैकी एक पर्याय निवडावा लागतो.

फ्रीझ: मिळालेली सीट मान्य आहे, पुढे काही नको.

स्लाइड: सीट मान्य आहे, पण याच संस्थेत पसंतीक्रमात वर लिहिलेली शाखा मिळाली तर चालेल.

फ्लोट: सीट मान्य आहे, पण पसंतीक्रमात वर लिहिलेलं काहीही, कोणत्याही संस्थेतलं, मिळालं तर चालेल.

नागपूरचं उदाहरण घेऊ. शहरात जोसामार्फत प्रवेश देणाऱ्या दोन मोठ्या संस्था आहेत. एक व्हीएनआयटी. ती १९६० मध्ये विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय म्हणून सुरू झाली, २००२ मध्ये एनआयटी झाली आणि २००७ च्या एनआयटी कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरली. दुसरी २०१६ मध्ये सुरू झालेली ट्रिपल-आयटी नागपूर. तिचा परिसर शहराबाहेर, बुटीबोरीच्या बाजूला वारंगा इथे आहे.

समजा, एका विद्यार्थिनीने पसंतीक्रम असा भरला: १) व्हीएनआयटी कॉम्प्युटर, २) व्हीएनआयटी इलेक्ट्रॉनिक्स, ३) ट्रिपल-आयटी नागपूर कॉम्प्युटर, ४) व्हीएनआयटी मेकॅनिकल. पहिल्या राउंडमध्ये तिला चौथा पर्याय मिळाला.

तिने फ्लोट निवडलं, तर पुढे पहिला, दुसरा किंवा तिसरा यांपैकी काहीही मिळू शकतं. स्लाइड निवडलं, तर फक्त पहिला किंवा दुसरा, कारण तिसरा पर्याय दुसऱ्या संस्थेतला आहे. फ्रीझ केलं, तर मेकॅनिकल कायम.

आता फ्लोटवर असताना तिसऱ्या राउंडमध्ये ट्रिपल-आयटीचं कॉम्प्युटर मिळालं, तर त्याच क्षणी व्हीएनआयटीची मेकॅनिकलची सीट गेली. ती पुढच्या विद्यार्थ्याला दिली जाते. दरम्यान घरी चर्चा होऊन "घरून जाणं-येणं होईल, व्हीएनआयटीच बरं" असं ठरलं असेल, तरी परत फिरता येत नाही. ही बहुतेकांच्या लक्षात न येणारी गोष्ट आहे: 'वरची' सीट म्हणजे चांगली सीट नव्हे, तर विद्यार्थ्याने स्वतः यादीत वर लिहिलेली सीट. यंत्रणा फक्त यादी पाहते. पसंतीक्रम एकदा लॉक झाला की जोसाच्या पुढच्या राउंडमध्ये त्यात नवं काही भरता येत नाही. मन बदललं असेल, तर ते फ्लोटऐवजी स्लाइड किंवा फ्रीझ निवडून, तेही वेळेत, सांगावं लागतं.

उलट बाजूने एक दिलासाही आहे. फ्लोटवर राहिल्याने सीट खाली घसरत नाही. वरचं काही मिळालं नाही, तर हातातलं तसंच राहतं. सीट जाते ती कागदपत्रांतल्या त्रुटीमुळे, पैसे न भरल्यामुळे किंवा मागितलेल्या खुलाशाला वेळेत उत्तर न दिल्यामुळे. त्यामुळे वाट पाहण्याच्या दिवसांत रोज एकदा पोर्टलवर लॉग-इन करून सूचना बघणं हे कट-ऑफच्या अंदाजांपेक्षा जास्त कामाचं असतं.

निर्णय घेतं कोण?

इथे कोणी अधिकारी अर्ज वाचून 'याला घ्या, त्याला नको' असं ठरवत नाही. रँक, प्रवर्ग, कोटा आणि पसंतीक्रम यांवरून संगणक वाटप करतो. या पद्धतीचं मूळ डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या गणितज्ञांनी १९६२ मध्ये कॉलेज प्रवेशांवर लिहिलेल्या शोधनिबंधात आहे. शॅप्ली यांना २०१२ मध्ये ॲल्विन रॉथ यांच्यासोबत अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं.

कल्पना साधी आहे. प्रत्येक विद्यार्थ्याचा विचार आधी त्याच्या पहिल्या पसंतीच्या जागेसाठी होतो. तिथे त्याच्यापेक्षा चांगल्या रँकचे विद्यार्थी पुरेसे असतील, तर तो दुसऱ्या पसंतीकडे सरकतो. सगळे स्थिर होईपर्यंत हे चालतं. त्यामुळे आवडीची शाखा 'मिळणार नाही' म्हणून खाली लिहिण्यात फायदा नसतो. वर लिहून ती नाही मिळाली, तरी खालच्या पसंतीवरचा हक्क कमी होत नाही.

२०१५ पूर्वी आयआयटी आणि एनआयटीचे प्रवेश वेगवेगळे होत. एकच विद्यार्थी दोन्हीकडे सीट अडवून ठेवी आणि सत्र सुरू झाल्यावर एक सोडे. ती सीट मग रिकामी राही. एकत्र प्रक्रियेमुळे सोडलेली सीट पुढच्या राउंडमध्ये दुसऱ्याला मिळू लागली. फ्लोटवर बसलेल्या विद्यार्थ्याची सगळी आशा याच हालचालीवर असते: वरचा कोणी हलला, की खालच्यांची रांग सरकते.

वरची सीट मिळण्याची शक्यता कशी पाहायची?

जोसाच्या संकेतस्थळावर मागच्या वर्षांच्या प्रत्येक राउंडच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या रँक उपलब्ध असतात. हव्या त्या शाखेची पहिल्या राउंडची आणि शेवटच्या राउंडची शेवटची रँक शेजारी-शेजारी ठेवली, की रांग साधारण किती सरकते ते दिसतं. स्वतःची रँक त्या पट्ट्यात असेल, तर थांबण्यात अर्थ आहे. फारच बाहेर असेल, तर मनाची तयारी आधीच करता येते.

ही तुलना करताना कोटा तपासावा लागतो. एनआयटीत निम्म्या जागा गृहराज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी आणि निम्म्या इतर राज्यांसाठी असतात. व्हीएनआयटी ही महाराष्ट्रातली एकमेव एनआयटी असल्याने राज्यातल्या विद्यार्थ्यांसाठी तिचा गृहराज्य कोटा मोलाचा ठरतो. ट्रिपल-आयटी नागपूरला असा कोटा नाही. तिथे देशभरातल्यांशी स्पर्धा असते. दोन्ही आकडे एकाच रांगेत वाचले, तर अंदाज चुकतो.

प्रवर्गाचंही तसंच आहे. केंद्राच्या प्रक्रियेत ओबीसी आणि ईडब्ल्यूएस प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यात आणि त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेलं लागतं. राज्याच्या व्हीजे-एनटी प्रवर्गाला तिथे वेगळं आरक्षण नाही. राज्याच्या प्रवेशासाठी मात्र जात वैधता आणि नॉन-क्रिमीलेअर वेळेत नसेल, तर राखीव जागेवरचा हक्क धोक्यात येतो.

जोसाचे राउंड संपल्यावर एनआयटी, ट्रिपल-आयटी यांसारख्या संस्थांतल्या उरलेल्या जागांसाठी 'सीएसएबी'चे विशेष राउंड होतात. यात आधी सीट असलेल्यांनाही भाग घेता येतो. पण नवी सीट मिळाली की जुनी गेली, हा नियम इथेही आहे.

राज्याची कॅप: बेटरमेंट आणि आपोआप फ्रीझ

पुण्याचं सीओईपी, मुंबईचं व्हीजेटीआय, नागपूरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आणि शहरातली खासगी कॉलेजं यांचे प्रवेश राज्याच्या सीईटी सेलमार्फत, म्हणजे 'कॅप'मधून होतात. इथे फ्लोटऐवजी 'बेटरमेंट' हा शब्द चालतो.

२०२५-२६ पासून अभियांत्रिकीसाठी तीनऐवजी चार राउंड झाले आणि आपोआप फ्रीझ होण्याचा नियमही बदलला. पहिल्या राउंडमध्ये पहिली पसंती मिळाली, दुसऱ्या राउंडमध्ये पहिल्या तीनपैकी एखादी किंवा तिसऱ्यात पहिल्या सहापैकी एखादी मिळाली, तर ती सीट आपोआप फ्रीझ होते. मग बेटरमेंट मागता येत नाही.

याचा परिणाम पसंतीक्रमावर होतो. "भरायचे म्हणून" वरच्या सहांत एखादं नको असलेलं कॉलेज लिहिलं आणि तिसऱ्या राउंडमध्ये तेच लागलं, तर विद्यार्थी तिथेच अडकतो. कॅपमध्ये पुढच्या राउंडसाठी पसंतीक्रम नव्याने भरता येतो. म्हणून प्रत्येक राउंडआधी यादी पुन्हा तपासणं गरजेचं आहे. सीट स्वीकारताना एक हजार रुपये भरावे लागतात. बेटरमेंटवर असलेल्याला वरचं काही मिळालं नाही, तर आधीची सीट कायम राहते. मिळालं, तर आधीची आपोआप रद्द होते.

मेडिकलचं गणित वेगळं

नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अर्थात 'मेडिकल' आणि इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय अर्थात 'मेयो' ही दोन सरकारी कॉलेजं आहेत. २०१८ मध्ये एम्सची भर पडली. एम्सच्या सर्व जागा आणि सरकारी कॉलेजांतल्या १५ टक्के जागा केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडून भरल्या जातात. उरलेल्या ८५ टक्के राज्याच्या सीईटी सेलकडून.

राज्याच्या प्रक्रियेत प्रवेश घेतल्यावर तीच सीट कायम ठेवायची असेल, तर 'स्टेटस रिटेन्शन फॉर्म' भरतात. तो न भरता पुढच्या राउंडला पसंतीक्रम दिला, तर बेटरमेंटसाठी विचार होतो आणि वरची सीट लागली की आधीची रद्द होते. केंद्राच्या प्रक्रियेत पहिल्या राउंडमधून मोकळेपणाने बाहेर पडता येतं. नंतरच्या राउंडमध्ये सीट सोडली, तर अनामत जप्त होण्यापासून पुढच्या फेऱ्यांतून बाद होण्यापर्यंत परिणाम होऊ शकतात.

शिक्षण सुरू झाल्यावर कॉलेज बदलण्याची सोय मेडिकलला एकेकाळी होती. १९९७ च्या नियमांनुसार पहिली व्यावसायिक परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर, सबळ कारण असल्यास आणि पाच टक्क्यांच्या मर्यादेत स्थलांतर मिळू शके. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या नियमावलीने ही वाट बंद केली. त्या तरतुदीला न्यायालयात आव्हानंही दिली गेली. त्यामुळे "पुढच्या वर्षी बदलून घेऊ" या भरवशावर दूरच्या कॉलेजात प्रवेश घेणं धोक्याचं ठरतं.

दोन प्रक्रियांच्या मध्ये

खरी कोंडी होते ती केंद्राची आणि राज्याची प्रक्रिया एकमेकांवर चढते तेव्हा. व्हीएनआयटीत सीट आहे, पण मनात सीओईपी आहे. किंवा उलट. एका बाजूचा निकाल लागायच्या आधी दुसऱ्या बाजूची फी भरायची शेवटची तारीख येते.

अशा वेळी पैशांपेक्षा दोन गोष्टी जास्त अडवतात: शाळा सोडल्याचा दाखला आणि मूळ गुणपत्रिका. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार कॉलेजला मूळ प्रमाणपत्रं अडवून ठेवता येत नाहीत. पाहून, पडताळून परत द्यायची असतात. प्रत्यक्षात दाखला मात्र बऱ्याचदा जमा करून घेतला जातो. म्हणून रद्द करण्याचा अर्ज लेखी किंवा पोर्टलवरून करून पोच ठेवणं महत्त्वाचं.

फी परतीसाठी त्याच अधिसूचनेत टप्पे दिले आहेत. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ किंवा जास्त दिवस आधी सीट सोडली, तर पूर्ण फी (प्रक्रिया शुल्क वजा करून). त्यापेक्षा कमी दिवस उरले असताना सोडली, तर ९० टक्के. शेवटच्या तारखेनंतर १५ दिवसांत ८० टक्के. १६ ते ३० दिवसांत ५० टक्के. त्यानंतर काही नाही. आयोग काही वर्षी यापेक्षा जास्त सवलतही जाहीर करतो. कॅपमधल्या प्रवेशाला सीईटी सेलची मुदत लागू होते आणि त्या मुदतीत रद्द केल्यास एक हजार रुपये कापले जातात. जोसात शेवटच्या राउंडआधी सीट सोडण्याची सोय असते. ती मुदत चुकली, की परतीचा मार्ग अवघड होतो.

वर्ष सुरू झाल्यावर काय उरतं?

पहिला मार्ग शाखाबदल. बहुतेक संस्थांत पहिल्या वर्षाच्या गुणांवर आणि रिकाम्या जागांवर तो मिळतो. जागा मोजक्या असतात आणि काही आयआयटींनी तर ही सोय बंद केली आहे.

दुसरा मार्ग दुसऱ्या वर्षी कॉलेज बदलण्याचा. राज्यातल्या अभियांत्रिकी कॉलेजांत तो आहे, पण जिथे जायचं तिथे त्या शाखेत जागा रिकामी हवी, पहिल्या वर्षाचे सगळे विषय सुटलेले हवेत, दोन्ही कॉलेजांची ना-हरकत हवी आणि विद्यापीठ बदलत असेल, तर अभ्यासक्रम जुळायला हवा. रिकाम्या जागा निकालानंतरच कळतात. त्यामुळे अनेकांचा निर्णय सत्र सुरू झाल्यावर येतो. तोवर जुन्या कॉलेजातली हजेरी आणि फी चालू ठेवणं शहाणपणाचं.

तिसरा मार्ग श्रेयांकांचा. २०२१ च्या नियमांनी ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स सुरू झाली. एका संस्थेत मिळवलेले श्रेयांक खात्यात सात वर्षांपर्यंत राहतात आणि दुसऱ्या संस्थेत वापरता येतात. पण श्रेयांक हलतात म्हणून सीट मिळत नाही. प्रवेश द्यायचा की नाही, हे त्या संस्थेच्या हातात असतं.

चौथा मार्ग विद्यार्थ्यांच्या भाषेत 'पार्शल ड्रॉप': कॉलेजात शिकत-शिकत पुन्हा परीक्षा देणं. जेईई ॲडव्हान्स्ड सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते. एनआयटीत शिकणारा विद्यार्थी दुसऱ्यांदा ती देऊ शकतो. मात्र ज्याने आयआयटीची सीट स्वीकारली आणि शेवटच्या राउंडआधी सोडली नाही, तो पुढच्या वर्षी अपात्र ठरतो, मग तो वर्गात गेलेला असो वा नसो. फ्लोटवर थांबलेल्या विद्यार्थ्याने हा नियम आधी वाचायला हवा.

वाट पाहताना

या दिवसांत करता येण्यासारखं थोडंच असतं, पण ते मोलाचं असतं. प्रत्येक प्रक्रियेच्या तारखा एका कागदावर उतरवणं. पसंतीक्रम पुन्हा वाचून "आज हे लागलं तर आनंदाने जाणार का?" असं प्रत्येक ओळीला विचारणं. उत्तर 'नाही' आलं, तर फ्लोट बदलणं. मूळ कागदपत्रं आणि पावत्या एका फाइलमध्ये ठेवणं. हातातलं कॉलेज एकदा जाऊन पाहणं, कारण बऱ्याच जणांचा शेवट तिथेच होतो आणि तो वाईट शेवट नसतो.

घरच्यांसाठीही एक गोष्ट. रोज संध्याकाळी "काय झालं?" असं विचारल्याने राउंड लवकर लागत नाही. मुलगा किंवा मुलगी गप्प राहू लागली, जेवण-झोप बिघडली, तर त्याकडे दुर्लक्ष करू नये. सरकारच्या 'टेली-मानस' या मोफत हेल्पलाइनवर १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास बोलता येतं.

राउंडची संख्या, फी आणि मुदती दरवर्षी बदलतात. त्यामुळे शेवटचा शब्द त्या वर्षीच्या माहितीपुस्तिकेचाच. मुख्य नियम मात्र तिन्ही प्रक्रियांत सारखाच आहे: नवी सीट लागली, की जुनी परत मिळत नाही. थांबायचं की नाही, हे राउंड लागण्याआधी ठरवावं लागतं.